घरातल्या कार्यालयासाठी घेतलेली साधने: ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

मार्च २०२०च्या टाळेबंदीत जेवणाच्या टेबलावर थाटलेले कार्यालय अनेक घरांत आता कायमचे झाले आहे. खुर्च्या, उंची बदलणारी टेबले, वॉकिंग पॅड (टेबलाखाली ठेवून काम करता करता चालण्याचे सपाट यंत्र) यांच्या जाहिरातींना तोटा नाही. मात्र खरेदीच्या आठवड्यातच लिहिलेल्या कौतुकावरून पुढे त्या वस्तूचे काय होते ते कळत नाही. म्हणून किमान एक पावसाळा वापरलेल्या वस्तूंविषयीच लिहावे आणि आपली उंची व खोलीतील जागा यांचा उल्लेख अवश्य करावा, ही विनंती.

ऐरोली, उंची ५ फूट

आपल्याकडे मिळणारी बहुतेक टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंचीची असतात. मी पाय जमिनीला टेकवून बसले की माझे कोपर जमिनीपासून जेमतेम ६२ सेंटिमीटरवर येते, त्यामुळे अशा टेबलावर टंकलेखन करताना खांदे सतत वर उचललेले राहतात. खुर्ची वर घेतली तर खांदे सुटतात, पण पाय लोंबकळतात आणि बैठकीची कड मांडीखाली रुतते. या कोंडीवर महागड्या खुर्चीपेक्षा दोन साध्या गोष्टी उपयोगी पडल्या: टेबलाखाली सुताराकडून बसवून घेतलेला कीबोर्डचा सरकता ट्रे आणि पायांखाली घरातलाच लाकडी पाट.

खुर्ची निवडताना मी कमरेच्या आधारापेक्षा बैठकीच्या खोलीकडे, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतच्या अंतराकडे, अधिक लक्ष दिले. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. अनेक उंच पाठीच्या, दिमाखदार खुर्च्या माझ्यापुरत्या याच कसोटीवर बाद झाल्या. विक्रेत्याला बैठकीची खोली विचारली की तो खुर्ची किती किलो वजन पेलते ते सांगू लागतो, हा अनुभव बहुतेकांना आला असेल.

कळवा

कृत्रिम चामड्याची खुर्ची आमच्या दमट हवेत टिकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हातांवरचे आवरण पापुद्र्यांसारखे सुटू लागले. जाळीची पाठ घ्यावी.

घोडबंदर रस्ता, ठाणे. उंची ५ फूट ८ इंच

वॉकिंग पॅडविषयी सविस्तर लिहितो, कारण या वस्तूबद्दल दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. ताशी दोन किलोमीटरच्या आसपास चालताना पत्रे वाचणे व बैठक ऐकणे सहज जमते. आकडेमोड किंवा बारीक मजकूर तपासणे मला कोणत्याच वेगात जमले नाही. म्हणजे कामाच्या दिवसातले काही तासच या यंत्राचे आहेत, हे गृहीत धरून किंमत तोलावी. चालताना पडदा आणि कीबोर्ड दोन्ही वर यावे लागतात, त्यामुळे उंची बदलणारे टेबल नसेल तर ही खरेदी अर्धवटच ठरते.

आवाजाचे म्हणाल तर मोटरची घरघर फारशी नसते; खालच्या घरात पोहोचतो तो पावलांचा धपधप आवाज. जाड रबरी चटई टाकल्यावर आणि घरातही बूट घालून चालू लागल्यावर खालच्या काकूंची तक्रार थांबली. (दुपारी दोन ते चार यंत्र बंद, हा करारही त्यांच्याशी झालाच.) पट्ट्याखाली ठरावीक काळाने सिलिकॉन तेल सोडावे लागते, ते राहिले की पट्टा अडखळतो आणि मोटर तापते. जाहिरातीत मोटरची कमाल शक्ती ठळक छापतात, आपण मात्र सलग चालवताना मिळणारी शक्ती विचारावी. दिवाणाखाली ठेवायचे असेल तर आधी तिथली मोकळी उंची मोजावी.

खारघर, उंची ६ फूट

विजेवर उंची बदलणारे टेबल घेताना दुकानात ते सर्वांत वर नेऊन दोन्ही हातांनी हलवून पाहावे. खाली घट्ट वाटणारे टेबल वर गेल्यावर डुगडुगते, आणि टंकलेखन करताना पडदा थरथरतो. दोन मोटरींची चौकट मला अधिक स्थिर वाटली. उभे राहून काम करणे हा मात्र व्यायाम नव्हे; मी अर्ध्या तासाहून अधिक सलग उभा राहत नाही.

नौपाडा, ठाणे, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट

वरील अनुभवांत लॅपटॉपचा उल्लेख आला नाही, याचे आश्चर्य वाटते. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे मान किंवा हात यांपैकी एकाला तडजोड करावीच लागते. स्टँड आणि वेगळा कीबोर्ड यांवरचा खर्च म्हणूनच मी खुर्चीच्याही आधी सुचवते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर असावी, हा नियम प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगातून दूरचे व जवळचे दिसणारा) वापरणाऱ्यांना लागू करू नये. ते भिंगाच्या खालच्या भागातून वाचतात आणि पडदा उंच असला की हनुवटी वर करून बसतात. त्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा. व्यायामाचे रबरी पट्टे स्वस्त आणि उपयुक्त आहेत, परंतु घामाने व उष्णतेने रबराला बारीक चिरा पडतात. ओढण्यापूर्वी पट्टा ताणून उजेडात पाहावा.

कोपरखैरणे

कार्यालये जागा सोडतात तेव्हा त्यांच्या चांगल्या खुर्च्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे येतात. मी तशीच घेतली आणि समाधानी आहे. तपासण्याची रीत सोपी आहे: खुर्ची पूर्ण वर घेऊन तिच्यावर दहा मिनिटे बसावे, ती हळूहळू खाली येत असेल तर गॅसचा सिलिंडर गेला आहे असे समजावे. नंतर ती उलटी करून पाच पायांच्या सांध्यांत तडे नाहीत ना ते पाहावे. चाके झिजलेली असली तरी चालतील, कारण ती ओढून काढता येतात आणि बहुतेक खुर्च्यांना ११ मिलिमीटर दांड्याची नवी चाके बसतात. आपल्या गुळगुळीत टाइल्सवर मऊ आवरणाची चाके घ्यावीत. कडक नायलॉनची चाके गालिच्यासाठी ठीक असतात.