‘लेव्ही’ला मराठीत काय म्हणावं? कर, शुल्क, पट्टी, की लेव्हीच?

ऐरोलीकर

परवा संध्याकाळी आमच्या सेक्टरमधल्या एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद घेऊन आल्या. त्यांचा मुलगा तुर्भ्याला एमआयडीसीत वेल्डिंग करायचा, आता सिंगापूरला बांधकामाच्या साइटवर निघालाय. एजंटकडच्या कुणीतरी करारातल्या मुख्य गोष्टी मराठीत लिहून दिल्या होत्या. त्यातल्या या दोन ओळी:

मूळ वेतन (दरमहा) : ९५० डॉलर
परदेशी कामगार कर (दरमहा) : ९०० डॉलर देय

मावशींनी कागदाच्या पाठीमागे पेनाने वजाबाकी करून ठेवली होती. उत्तर ५०. “महिन्याला पन्नास डॉलरमध्ये पोरगं खाणार काय आणि आमचं कर्ज फेडणार काय, ताई?” रात्रभर झोपल्या नव्हत्या.

मूळ इंग्रजी कागद मागवून पाहिला. तिथे शब्द होता ‘लेव्ही’, आणि ती मालकाने भरायची असं स्वच्छ लिहिलं होतं. सिंगापूरचं सरकार परदेशी कामगार ठेवणाऱ्या मालकाकडून दर कामगारामागे दरमहा ही रक्कम घेतं. बांधकामात १ जानेवारी २०२४ पासून कमी कौशल्याच्या कामगारासाठी ९०० आणि जास्त कौशल्याच्या कामगारासाठी ५०० सिंगापूर डॉलर असा दर आहे. फरक मुद्दाम ठेवलाय, मालकाने शिकलेला माणूस आणावा किंवा आणलेल्याला शिकवावं म्हणून. ही रक्कम कामगाराच्या पगारातून वसूल करायला तिथल्या कायद्याने बंदी आहे.

म्हणजे आकडा बरोबर होता. चुकला तो शब्द, आणि त्याने एका घराची झोप उडवली. मी पंधरा वर्षं भाषांतराचं काम करते. हा शब्द माझ्यासमोर आला असता तर मीही कदाचित ‘कर’च लिहून मोकळी झाले असते, ते मनाला फार लागलंय. काय लिहायला हवं होतं?

नौपाडा

‘कर’ नको, हे नक्की. आपल्याकडे पगाराच्या शेजारी ‘कर’ दिसला की तो कापला जाणार हे गृहीतच असतं. राज्याचा व्यवसाय कर घ्या. १९७५ च्या कायद्याचा, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. पगारपत्रकावर वर्षानुवर्षं तो कपातीच्या रकान्यात पाहिलेला माणूस दुसरं काय समजणार? मावशींची वजाबाकी अगदी बरोबर होती.

‘शुल्क’ही मला पटत नाही. शुल्क म्हणजे काहीतरी सेवा किंवा परवाना मिळतो त्याचा मोबदला. कर आणि शुल्क यांतला हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात मांडला होता. सिंगापूरची लेव्ही मोबदला म्हणून घेतली जात नाही. परदेशी माणूस इतका स्वस्त पडू नये की स्थानिकाला कुणी विचारणारच नाही, यासाठी ती आहे. ‘उपकर’ म्हणजे सेस, पण तो शब्द नवी मुंबईकरांच्या डोक्यात वेगळाच बसलाय. ठाण्यात जकात होती तेव्हा तुमच्या पालिकेत जकातीऐवजी उपकर घेत. ‘अधिभार’ हा मुळातल्या करावर चढवलेला असतो, इथे मूळ करच नाही.

माझं मत ‘पट्टी’ला. घरपट्टी घर भरत नाही, घराचा मालक भरतो. पाणीपट्टी पाणी वापरणारा भरतो. ज्याच्यामुळे पैसे लागतात ते आधी, मग पट्टी, आणि भरणारा तो ज्याच्या ताब्यात ते आहे. या चालीवर ‘परदेशी कामगारपट्टी’ म्हटलं की मालकाने भरायची हे मराठी कानाला आपोआप कळावं. शब्द जुना, आपला, आणि सरकारी वळणाचाही आहे.

दाणाबंदर

नौपाडा, तुमचा मुद्दा मला आवडला, पण वाशीच्या मार्केटात येऊन ‘पट्टी’ म्हणून बघा. शेतकऱ्याचा माल विकला गेला की व्यापारी त्याला जो हिशोबाचा कागद देतो, ती पट्टी. वर मालाची किंमत, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, आणि तळाला हातात येणारी रक्कम. “पट्टी आली का?” म्हणजे पैसे किती सुटले? जुन्नर-नाशिकच्या कुठल्याही शेतकऱ्याला ‘कामगारपट्टी’ हा कामगाराच्या पगाराचा हिशोब वाटेल, आणि ९०० चा आकडा पुन्हा वजा बाजूलाच जाऊन बसेल. मावशी माहेरच्या शेतकरी असतील तर तीच रात्र पुन्हा.

दुसरं, जरा मनातलं बोलतो. घर, पाणी, आणि त्यांच्या रांगेत माणूस? माझे वडील आयुष्यभर डोक्यावर पोती वाहत होते. माणसाच्या नावापुढे पट्टी लागलेली मला बघवत नाही.

आणि ‘लेव्ही’ला शब्द शोधता कशाला? तो आमच्या घरातला शब्द आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यापासून कोपरखैरणे-घणसोलीच्या प्रत्येक माथाडी घरात लेव्ही माहीत आहे. मालक हमालांच्या टोळीची मजुरी माथाडी बोर्डात भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही वेगळी भरतो. मजुरी बोर्डातून कामगाराला मिळते. लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. मालकाने लेव्ही थकवली की टोळीचा मुकादम बोर्डात जाऊन बसायचा. “लेव्ही कापली” असं वाक्य मी घरात कधी ऐकलं नाही. “लेव्ही भरली का?” एवढंच. लेव्ही मालकच भरतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

नौपाडा

पट्टीचा बाजारातला अर्थ माझ्या लक्षातच आला नव्हता. आणि दुसरा मुद्दाही मान्य. ‘कामगारपट्टी’ मागे घेतो.

पण लेव्हीचाही एकच अर्थ नाही हो. आम्ही मूळचे सातारकडचे. माझ्या लहानपणी लेव्ही म्हणजे सरकारला ठरलेल्या भावाने द्यावी लागणारी ज्वारी. तलाठी यायचा, कणगीत वाकून बघायचा. “औंदा लेव्ही किती?” हा प्रश्न पेरणीपेक्षा मोठा असायचा. पुढे लेव्हीची साखर आली, कारखान्याने रेशनसाठी द्यायची, २०१३ साली ते बंधन उठलं. आमच्या पिढीला लेव्ही ऐकली की आधी आपल्याच घरातलं काहीतरी बाहेर जातंय असं वाटतं.

ऐरोलीकर

हे बघा, एकाच शब्दाला शेतकऱ्याच्या घरात एक चेहरा आणि माथाड्याच्या घरात दुसरा. मी इंग्रजी-फ्रेंचमधलं मूळ पाहिलं. ‘उचलणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द आला. रक्कम उचलायची, सैन्यही उचलायचं. मराठीत मात्र ‘उचल’ म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी मग फेडत बसायची. शब्दशः गेलं असतं तर अनर्थच. मावशींच्या मुलाने प्रवासासाठी काढलेलं कर्ज ही खरी उचल.

दाणाबंदर, एक फरक मात्र सांगायला हवा. माथाडी लेव्ही फिरून कामगाराकडे येते. सिंगापूरची लेव्ही सरकारी तिजोरीत जाते, त्यातून या मुलाच्या नावावर काही जमा होत नाही. मी मावशींना नुसतं ‘लेव्ही’ सांगितलं आणि शेजारच्या माथाडी काकांनी “म्हणजे पोराचा फंड जमतोय” असं समजावलं, तर तेही खोटं ठरेल.

कौसा

मुंब्र्याहून लिहितोय. आमच्याकडे दर दुसऱ्या घरातला माणूस आखातात, त्यामुळे हा शब्द अरबीतून येतो, ‘मुकाबिल माली’. मुकाबिल म्हणजे बदल्यात. कंपनी परदेशी माणूस ठेवते त्याच्या बदल्यात पैसे. २०१८ मध्ये सौदीने महिन्याला माणशी ३०० आणि ४०० रियाल असे दोन दर लावले. सौदी लोकांपेक्षा परदेशी जास्त असतील त्या कंपनीला ४००. २०२० पर्यंत ते ७०० आणि ८०० झाले. हे कफील, म्हणजे कामावर ठेवणारा मालक, भरतो.

पण त्याआधी जुलै २०१७ पासून दुसरा पैसा सुरू झाला होता, बायकामुलांवरचा. माणशी महिना १०० रियाल, दर वर्षी १०० ने वाढत २०२० ला ४००. हा कामगाराने स्वतः भरायचा, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तजदीद (नूतनीकरण) करतानाच वर्षाचा एकदम. माझा मोठा भाऊ दम्मामला होता. बायको आणि तीन मुलं, म्हणजे दुसऱ्या वर्षीच ९,६०० रियाल. भाभी आणि मुलं २०१८ च्या सुट्टीत इकडे आली ती परत गेलीच नाहीत. मोठ्या भाचीची शाळा अर्ध्यात बदलली.

आमच्या मोहल्ल्यात दोन्हीला ‘फी’च म्हणतात. “फी वाढली” असा फोन आला की आधी विचारावं लागतं, कंपनीची की घरची? म्हणून मला वाटतं, शब्द कुठलाही घ्या, भरणारा कोण ते त्याला चिकटूनच आलं पाहिजे.

कळवा स्टेशन

एजंटच्या माणसाला सगळा दोष देऊ नका, हेही सांगतो. मी २०१४ ते २०१६ मलेशियात फॅक्टरीत होतो. तेव्हा लेव्ही मालक आधी भरायचा आणि मग महिन्याला थोडी थोडी आमच्या पगारातून कापायचा. तसा तेव्हा नियमच होता. २००९ मध्ये मालकाने सोसायची ठरली, २०१३ मध्ये परत कामगारावर आली, आणि १ जानेवारी २०१८ पासून पुन्हा मालकावर. आमच्या बॅचच्या पोरांच्या तोंडी “लेव्ही कापली” हेच वाक्य होतं. ज्याने तो कागद लिहिला तो मलेशियाच्या पोरांसाठी असेच कागद लिहीत आला असेल.

तेव्हा ‘लेव्ही’ म्हटलं की मालकच भरतो, असं कुणी धरून चालू नये.

नौपाडा

मग रोग नावात कमी आणि ‘देय’ या शब्दात जास्त आहे. सरकारी मराठीत ‘देय’ म्हणजे देणं आहे, पण कुणाचं, कुणाला, ते शब्दच सांगत नाही. कर्मचाऱ्याला मिळायचं तेही ‘देय वेतन’, आणि त्याने भरायचं तेही ‘देय रक्कम’. ‘आकारण्यात येईल’, ‘वसूल करण्यात येईल’ ही त्याचीच भावंडं. कर्ता गाळला की वाचणारा गरीब असेल तर तो स्वतःलाच कर्ता समजतो. मी ३० वर्षं कचेरीत अशी वाक्यं लिहिली, आज त्याचं वाईट वाटतंय.

इंग्रजांनीही त्यांच्याकडे २०१७ मध्ये असाच पैसा सुरू केला, तेव्हा मोठ्या कंपनीला माणशी वर्षाला १,००० पौंड, लहानला ३६४. त्याला ते ‘चार्ज’ म्हणतात, म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचा ‘आकार’. प्रत्येक देशाचं नाव वेगळं. आपण सगळ्यांसाठी एक मराठी शब्द ठरवला तरी तो कागद त्यानेच नीट होईल असं नाही.

ऐरोलीकर

पटलं. नाव ‘लेव्ही’ ठेवते, आणि बाकी सगळा जोर क्रियापदावर. मावशींसाठी त्या दोन ओळी पुन्हा लिहिल्या:

“पगार : दरमहा ९५० डॉलर. परदेशी कामगार ठेवल्याबद्दल कंपनी सिंगापूर सरकारला दरमहा ९०० डॉलर लेव्ही भरते. ही रक्कम कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. ती कामगाराच्या नावावर जमाही होत नाही.”

दाणाबंदर

ताई, ‘कंपनी’नंतर ‘स्वतःच्या पैशातून’ घाला. आणि मूळ इंग्रजी ओळ खाली तशीच ठेवा. तिथे कुणी कापायला लागलं तर मराठी कागद मुकादमाला वाचता येणार नाही, मुलाला ती इंग्रजी ओळ बोट ठेवून दाखवता यायला हवी.

ऐरोलीकर

घातलं. आज सकाळी दिला कागद. मावशींनी आधी ‘स्वतःच्या पैशातून’ हे शब्द दोनदा मोठ्याने वाचले, मग जुना कागद उलटा करून आपली वजाबाकी खोडली. मुलगा इंग्रजी ओळ मोबाइलमध्ये फोटो काढून घेऊन गेला. पगारातून दुसरं काय काय कापणार हे एजंटला लेखी विचारायला सांगितलंय, उत्तर अजून आलेलं नाही.