बंदूक न देता शांतिसेनेत? बहिणीच्या ट्रेनिंगबद्दल विचारायचंय

सातारचा_थोरला:
धाकटी बहीण लष्करात मेजर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण सुदान मोहिमेवर मिलिटरी ऑब्झर्व्हर (लढायचं नाही, पाहून अहवाल द्यायचा) म्हणून निवड झालीय. त्याआधी दिल्लीच्या शांतिसेना केंद्रात कोर्स आहे. फोनवर बोलता बोलता म्हणाली, तिकडे आमच्याकडे हत्यार नसतं. तेव्हापासून आईचं एकच: "बंदूकच द्यायची नाही, तर फौजेतलं माणूस नेतात कशाला?" मलाही कळत नाही. इतकी वर्षं नोकरी झालेल्या अधिकाऱ्याला दोन-तीन आठवड्यांत नवं काय शिकवतात? कोणी जाऊन आलंय का?

मिरची_भजी:
गाडी चालवायला! थट्टा नाही हं. आमच्या मेहुण्यांनी सगळ्यात जास्त धास्ती ड्रायव्हिंग टेस्टचीच घेतली होती.

निवृत्त_लातूरकर:
भजी बरोबर बोलतायत. तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने. जन्मभर जिप्सी हाकलेला मी, पहिल्या दिवशी गिअर टाकायला हात दाराकडे जायचा.

मी त्याच मोहिमेवर वर्षभर होतो. नकाशा, वायरलेस हे अधिकाऱ्याला येतंच. अवघड जातं ते हुकूम न सोडता बोलणं. आमच्या सरावात खोटा नाका उभा केला होता. आडवी दोरी, पलीकडे बंडखोर झालेले आपलेच जवान, त्यांचा 'कमांडर' प्यायल्याचं झकास सोंग करत होता. मी उतरलो, डोळ्यावर गॉगल तसाच, आणि दुभाष्याकडे बघून म्हणालो, "याला सांगा, रस्ता मोकळा कर." इन्स्ट्रक्टरने तिथेच थांबवलं. गॉगल आधी काढायचा, समोरच्याला आपले डोळे दिसले पाहिजेत. बोलायचं त्याच्याशी, दुभाष्याशी नव्हे. आणि "याला सांगा" म्हटलं की बोलणं तिथेच संपलं! शिवाय दर दोन वाक्यांनी थांबायचं, म्हणजे दुभाष्याला सांगता येतं. आपण एका दमात अख्खी पोथी वाचणारे, मला ते जमायला आठवडा लागला.

मग अहवाल. मी लिहिलं, "बंडखोरांनी गोळीबार केला." त्यावर लाल पेनाने प्रश्न: "पाहिलंत?" पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. मग तसंच लिहायचं. किती वाजता, कोणत्या दिशेने, अंदाजे किती फैरी. 'कोणी' हे डोळ्यांनी दिसलं तरच. उगाच एका बाजूवर बोट ठेवलं, तर उद्या त्यांच्याच नाक्यावरून आपल्याला जायचं असतं.

सातारचा_थोरला:
काका, पण खराच गोळीबार झाला तर?

निवृत्त_लातूरकर:
खोटं सांगणार नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये जोंगलेईत ताफ्यावर हल्ला झाला, आपले पाच जण गेले. डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळावर आणखी दोन. हे सगळे हत्यारबंद तुकडीतले होते. ऑब्झर्व्हर एकटा-दुकटा गस्तीला जात नाही, धोक्याच्या भागात सोबत सशस्त्र तुकडी असते. ओलीस धरलं तर कसं वागायचं, सुरुंग कसा ओळखायचा, हेही कोर्समध्ये करून घेतात.

आईंना मात्र एक सांगा. तिकडे बायका सरपणाला विस्थापितांच्या छावणीबाहेर पडल्या की त्यांच्यावर अत्याचार होतात. कुठल्या वाटेवर, कुठल्या वेळी, हे त्या माझ्यासारख्या मिशीवाल्याला सांगत नव्हत्या. आमच्या टीममधली बाई अधिकारी चुलीपाशी बसली की तासाभरात सगळं कळायचं. त्यावरून आम्ही गस्तीची वेळ बदलली. तुमच्या बहिणीकडून लोकांना हेच काम हवंय.

बाकी, गमबूट चांगले घ्या. माती आमच्या लातूरच्या रानासारखीच काळी, पावसाळ्यात रस्ते बंद पडतात आणि हेलिकॉप्टरशिवाय हलता येत नाही. टीम साइटवर, म्हणजे ऑब्झर्व्हरांच्या छोट्या तळावर, स्वयंपाक आपला आपण करायचा, तेव्हा छोटा कुकर सोबत असू द्या.

सातारचा_थोरला:
आईला सगळं वाचून दाखवलं. चुलीचं ऐकून गप्प झाली. आता विचारतेय, विमानात कांदा-लसूण मसाला किती किलो चालतो?