टिनावर चुना मारायचा, की कुलरच बरा?

आर्वीकर:
आमच्या गल्लीत यंदा एप्रिलच्या दुसऱ्याच आठवड्यात कुलर लागले, अन् नळाच्या दिवशीची भांडणंही. नळ तीन दिवसांआड. मागच्या रविवारी मी सहज मोजलं. सकाळपासून रात्रीपर्यंत आमचा एक कुलर पंधरा लिटरच्या आठ बादल्या पाणी प्यायला. पाच जणांच्या घरात तेवढ्यात चार दिवसांचं पिणं-रांधणं होतं.
मग टिनावर चुना मारला. दोन हात, चुन्यात थोडा फेविकॉल. पांढरं छत ऊन परत फेकतं, एवढंच त्याचं गणित. दुपारी टिनाखाली हात वर केला की आधी चटका बसल्यासारखं व्हायचं, ते आता नाही. कुलर फक्त बारा ते पाच. हवामान खातं सपाट भागात ४५ अंशांना सरळ उष्णतेची लाट धरतं, अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्याही वर जातो. म्हणून म्हणतो, आधी छत पाहा, मग कुलर.

वऱ्हाडी बाप्पा:
काहून गा भाऊ, चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. कोळसा इथं जळते, धूर आमच्या अंगणात, वीज भलतीकडंच जाते, अन् चुना आमी मारावा? आमच्या घरी एक कुलर, दोन पंखे. तेवढ्यानं का दुनिया तापून रायली? बुढा वावरातून येते, त्याले दुपारी कुलरपुढं पडू द्या राजेहो.

वावरवाली:
बुढ्याला पडू द्या, पण त्या कुलरात पाणी कोण भरते तेही लिहा की. केंद्राचा हिशेब मागाच, मोर्चाला मीपण येते. मोर्चा निघेपर्यंत बादल्या मात्र माझ्याच हातात.
आर्वीकर, तुमचं टिन सूर्य बुडाला की थंड पडतं. आमच्या घरकुलाचा स्लॅब दिवसभर ऊन पोटात धरतो अन् मध्यरात्र उलटेपर्यंत सोडत बसतो. लेकरं खाटा घेऊन अंगणात. रात्री झोप नाही अन् पहाटे पाचला कामावर! आम्ही स्लॅबच्या हातभर वर मांडव टाकला. मधून वारा खेळतो, ऊन स्लॅबपर्यंत पोचत नाही.

कपाशीवाला:
मांडव कशाचा? पऱ्हाट्यांचा असेल तर आताच उतरवा. वाळक्या बोंडांत गुलाबी अळी दडून राहते, अन् तिचे पतंग पुढच्या कपाशीवर येतात. २०१७ च्या हंगामात या अळीनं केलेलं नुकसान विसरलात का? अळीला घरकुल बांधून देता की काय!

वावरवाली:
तुराट्यांचा आहे हो. पऱ्हाटी कवाच जाळली आम्ही.

कपाशीवाला:
मग ठीक. पण तुराटी मे महिन्यात बारुदासारखी पेटते. चुलीची ठिणगी, विडीचं थोटूक, झालं. मी असतो तर शेडनेट बांधलं असतं.

वावरवाली:
चूल त्या बाजूला नाहीच. अन् शेडनेटचे पैसे तुम्ही देता का? खांबाला जुनी साडी बांधली तरी सावली पडते.

वऱ्हाडी बाप्पा:
बरं, एक गोष्ट मानतो. जूनमधे दोन पाणी पडले की कुलर निसता आवाज करते, गारवा काईच नाई. पण चुना त पहिल्याच पाण्यात वाहून जाते. दरवर्षी कोण मारणार?

आर्वीकर:
गेला तर गेला. त्याचं काम मार्च ते मे, पुढे पाऊसच छत थंड करतो. पहिल्या पावसाचं पन्हाळीचं पाणी तेवढं टाक्यात घेऊ नका. अन् खर्च विचाराल, तर कुलरच्या नव्या ताट्यांएवढाही आला नाही. दमट हवेत पाणी उडत नाही म्हणून कुलर थंड करत नाही. जूनच्या त्या उकाड्यावर मात्र माझ्याकडेही औषध नाही, खिडक्या उघड्या टाकून पंख्याखाली पडतो.

वऱ्हाडी बाप्पा:
ठीक. आधी गोठ्याच्या टिनावर मारून पायतो. बैल दुपारी आत बसले त घरावर मारतो, नाई त तुमच्या घरी येतो कुलर घेऊन.