वर्षाला तीनच अक्षरं बदलतात, मग ओ१३९ एकदम उगवला कुठून?

शंकासुर:
एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी व्हिब्रिओ कॉलरीची, म्हणजे कॉलराच्या जिवाणूची, उत्क्रांती हा विषय घेतलाय. २०११ च्या 'नेचर'मधल्या एका पेपरात १५४ जीनोम तपासून काढलंय की कॉलराच्या सातव्या महासाथीच्या वंशात वर्षाला सरासरी डीएनएची ३.३ अक्षरं बदलतात. जीनोम साधारण ४० लाख अक्षरांचा, दोन गुणसूत्रांत विभागलेला. महासाथ १९६१ साली इंडोनेशियात सुरू झाली, म्हणजे आजवर फार तर दोनेकशे बदल. आणि १९९२ मध्ये मात्र ओ१३९ नावाचा अख्खा नवा प्रकार हजर! गणित बसत नाही. मी काही चुकीचं वाचतेय का?

पेट्रीडिश:
वाचताय बरोबर. पण तो आकडा काय मोजतो ते बघा. सगळ्या नमुन्यांत समान असलेला भागच तुलनेला घेतात, त्यातूनही बाहेरून आलेले तुकडे गाळतात आणि उरलेल्यात एकेक अक्षर मोजतात. म्हणजे तुम्हाला जे शोधायचंय तेच आधी चाळणीतून गेलेलं असतं.

ओ१३९ मध्ये झालं ते असं. एल टॉर, म्हणजे सातव्या महासाथीतल्या ओ१ प्रकारच्या, जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरची साखरेची साखळी बनवणारा जनुकांचा गट, साधारण २२ हजार अक्षरांचा, निघून गेला आणि त्या जागी सुमारे ३५ हजारांचा परका गट येऊन बसला. बाकीचा जिवाणू जवळपास जुनाच. जुन्याच माणसानं अंगरखा बदलावा तसं. पण आपली प्रतिकारशक्ती नेमका तो अंगरखाच ओळखत असते. म्हणून मद्रासपासून बंगालपर्यंत, ओ१ शी आधी गाठ पडलेली मोठी माणसंसुद्धा आजारी पडली.

माझी नोकरी काचपट्टीवर सिरमचा (ठरावीक प्रकार ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचा) थेंब टाकून गुठळी होते का ते बघण्यात गेली. टीसीबीएस या वाढमाध्यमावर पिवळ्या वसाहती, ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह, पण ओ१ च्या सिरमला दाद नाही, असं दिसलं की आम्ही 'नॉन-ओ१' लिहून मोकळे. साथ फक्त ओ१ च आणतो हे तेव्हा पाठच होतं. ओ१३९ नं ते पाठांतर मोडलं, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

आता सेमिनारमध्ये जिथे रेंगाळायला हवं तो भाग. कॉलराचं विष मुळात कॉलराच्या जिवाणूचं नाहीच. १९९६ मध्ये वाल्डोर आणि मेकालानोस यांनी दाखवलं की विषाची जनुकं, सीटीएक्सए आणि सीटीएक्सबी, एका धाग्यासारख्या फेजच्या, म्हणजे जिवाणूत शिरणाऱ्या विषाणूच्या, जीनोममध्ये असतात. तो फेज आत शिरतो जिवाणूच्या अंगावरच्या टीसीपी नावाच्या केसाला धरून. हाच केस जिवाणूला आतड्यात वस्ती करायलाही लागतो, आणि त्याची जनुकंही बाहेरून आलेल्या एका 'बेटा'वर आहेत. क्रम लक्षात घ्या: आधी केस, मग विष. केस नसलेल्या जिवाणूत हा फेज एरवी शिरूच शकत नाही.

फेजवेडा:
उसनवारी होते कुठे, हेही घाला. खाडीच्या पाण्यात हा जिवाणू कोपेपॉडसारख्या बारीक जीवांच्या कवचावर राहतो. त्या कवचातलं कायटिन मिळालं की त्याची बाहेरचा डीएनए आत घेण्याची यंत्रणा जागी होते. हे २००५ चं काम. २०१५ मध्ये कळलं की त्याच वेळी तो सहाव्या प्रकारच्या स्रावयंत्रणेनं (एक प्रकारची विषारी सुईच) शेजाऱ्यांना भोसकतो आणि त्यांचा सांडलेला डीएनए उचलतो. निव्वळ दरोडा!

शिवाय एसएक्सटी नावाचा, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारा डीएनएचा फिरता तुकडा बघा. तो ओ१३९ मध्येच पहिल्यांदा सापडला. सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन यांना दाद न देणारी जनुकं त्यावर असतात, म्हणून सगळे त्याला औषध-प्रतिकाराचा तुकडा म्हणतात. पण त्याच्यावर फेजपासून बचाव करणारी जनुकंही असतात. बांगलादेशातल्या रुग्णांच्या नमुन्यांत आयसीपी१ हा मारक फेज वारंवार सापडतो, आणि त्यानं तर चक्क क्रिस्पर, म्हणजे परका डीएनए कापणारी यंत्रणा, स्वतःच्या जीनोममध्ये बाळगलंय. जिवाणूचं संरक्षण मोडायला! माझ्या मते या जिवाणूचा अर्धा इतिहास फेजशी चाललेल्या भांडणाचा आहे, माणूस त्यात मधे सापडतो.

शंकासुर:
बाप रे. मग ३.३ चा उपयोग काय? स्लाइड काढून टाकू?

पेट्रीडिश:
अजिबात नाही. कोण कुठून आला हे त्याच संथ बदलांवरून कळतं. २०१० मध्ये हैतीत कॉलरा आला तेव्हा तिथले काही नमुने त्याच वर्षीच्या नेपाळी नमुन्यांशी ताडले, तर फरक एकदोन अक्षरांचा. वर्षाला पन्नास अक्षरं बदलत असती आणि तुकडे गाळले नसते, तर हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

पण वंशवृक्ष काढून थांबू नका. येमेनमध्ये २०१६-१७ चे नमुने बऱ्याच औषधांना दाद देणारे होते. २०१८-१९ मध्ये त्याच वंशात एक प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं) शिरलं आणि अनेक औषधं निकामी झाली. समान भागावरून काढलेल्या झाडात हे प्लाझ्मिड दिसतच नाही, फांद्या जवळजवळच राहतात. प्रतिकाराची जनुकं वेगळी शोधून झाडाशेजारी रंगीत पट्ट्या लावा.

शंकासुर:
पट्ट्या लावते. ओ१३९ पुढे मागे का पडला हे कुणी विचारलं तर?

फेजवेडा:
तर म्हणा, ओ१ नाहीसा झालाच नव्हता. एल टॉर थोड्याच काळात बदलून परत आला, पुढे त्याच्याकडे जुन्या क्लासिकल प्रकारचं (एल टॉरच्या आधीच्या ओ१ चं) सीटीएक्सबी दिसू लागलं. नेमक्या कारणावर एकमत नाही. गाइड विचारतीलच, तयारीत राहा.