मदत हवी आहे: ओळख पटण्याचा प्रसंग कसा लिहू?

मला गोष्टींमधली सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे हरवलेलं माणूस समोर येतं आणि ओळख पटते ती. शाकुंतलात अंगठी आहे, ओडिसी या ग्रीक महाकाव्यात वेष पालटून घरी आलेल्या ओडिसियसला म्हातारी दाई पाय धुताना मांडीजवळचा जुना व्रण हाताला लागून ओळखते, आणि दोन्हीकडे वाचकाला आधीच माहीत असतं म्हणूनच जीव टांगणीला लागतो ना! आपल्याला कळलंय, त्यांना कधी कळणार, सगळी मजा त्या मधल्या वेळात आहे असं मला वाटतं.

आता अडचण अशी की मी कथा लिहितेय, वीस वर्षांनी बहीणभाऊ भेटतात, पण लॉकेट, जन्मखूण वगैरे मला नकोय. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलही म्हणतो की खुणेवरून पटणारी ओळख कच्ची, घटनांमधूनच पटली तर उत्तम. सध्या मी असं केलंय की तो दार लावल्यावर कडी दोनदा ओढून बघतो, वडिलांसारखी, आणि ती भांडी घासता घासता थांबते. पण सवय ही पण शेवटी खूणच झाली का?

वाचकाला हे आधीच सांगून ठेवू की तिच्याबरोबरच कळू दे? कोणी असा प्रसंग लिहिला असेल तर प्लीज सांगा, खरंच अडलेय.