खेळाडूंच्या डोपिंगवर संसदेत सुनावणी: न्याय की नुसता देखावा?

बोस्टनकर

अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १७ मार्च २००५ रोजी बेसबॉलमधल्या स्टेरॉइड्सवर घेतलेली सुनावणी परवा पुन्हा पाहिली आणि डोकंच फिरलं. बेसबॉलचा स्टार मार्क मॅग्वायर रडवेल्या आवाजात सांगत राहतो, भूतकाळाबद्दल बोलायला मी आलेलो नाही. दुसरा खेळाडू राफाएल पाल्मेरो समितीसमोर बोट रोखून सांगतो, मी स्टेरॉइड्स कधीच घेतली नाहीत. स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्यामुळे ऑगस्टमध्ये याच पाल्मेरोवर बंदी आली.

खेळाडू खोटं बोलले, मान्य. पण त्यांना झापणारे कोण होते? १९९८ साली मॅग्वायरने विक्रमी ७० होमरन मारले, तेव्हा त्याच्या लॉकरमध्ये एका पत्रकाराला अँड्रो या स्टेरॉइडसारख्या सप्लिमेंटची बाटली दिसली होती. ती दुकानात खुलेआम मिळायची, कारण १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंट बनवणाऱ्यांना मोकळं रान मिळालं होतं. माल सुरक्षित आहे हे विक्रीआधी सिद्ध करायची गरजच नाही! हा कायदा केला कोणी? याच काँग्रेसने. त्या दिवशी खासदारांपैकी एकाने तरी स्वतःच्या सभागृहाला जाब विचारायला हवा होता.

२००८ ची बेसबॉलपटू रॉजर क्लेमन्सची सुनावणी तर त्याहून वाईट. आधी क्लेमन्स खासदारांच्या कार्यालयांत जाऊन भेटीगाठी घेऊन आला. मग बहुतेक रिपब्लिकन त्याच्या बाजूने आणि डेमोक्रॅट, क्लेमन्सला स्टेरॉइड्स टोचल्याचं सांगणाऱ्या त्याच्या ट्रेनरच्या बाजूने. औषध शरीरात गेलं की नाही, हे पक्ष बघून ठरतं का? पुढे खोटी साक्ष दिल्याचा खटला चालला आणि २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून सोडलं.

रेषेबाहेर

पूर्ण असहमत. तुम्ही देखावा पाहिलात, परिणाम नाही. २००५ च्या सुनावणीच्या वेळी बेसबॉलमध्ये पहिल्यांदा सापडलात तर शिक्षा होती १० दिवस. त्याच नोव्हेंबरात ती ५० सामने झाली, दुसऱ्यांदा १००, तिसऱ्यांदा आजन्म बंदी. मालक आणि खेळाडूंची युनियन वर्षानुवर्षं एकमेकांकडे बोट दाखवत होते. काँग्रेस स्वतःच कायदा करेल ही धास्ती बसली, तेव्हा कुठे दोघे हलले.

आणखी एक. खेळाडूंच्या आधी तिथे दोन तरुण खेळाडूंचे आईवडील बोलले. दोन्ही मुलांनी स्टेरॉइड्स घेतली होती आणि नंतर आत्महत्या केली होती. त्यातला एक अवघा १७ वर्षांचा. त्या आईवडिलांना एवढं मोठं व्यासपीठ दुसरं कोणी दिलं असतं?

बोस्टनकर

आईवडिलांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, त्यावर वाद नाही. पण खेळाडूंना स्टेरॉइड्स पुरवणाऱ्या बाल्को या अमेरिकी कंपनीचं प्रकरण उघडकीला कसं आलं ते आठवा. २००३ मध्ये एका कोचने वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली. आत थेंबभर द्रव उरला होता. लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने त्यातून टीएचजी हे तोवर कुठल्याच चाचणीत न दिसणारं स्टेरॉइड ओळखलं. सुनावणीच्या दीड वर्ष आधी हे काम झालं होतं, एकही कॅमेरा नसताना.

तालमीची_पोर

कोल्हापूरहून लिहितेय. आपल्याकडे नेते झापत नाहीत, पाठराखण करतात, नुकसान तेवढंच. २०१६ ला पैलवान नरसिंग यादव मेथँडिएनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडला. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, त्यामुळे इथे प्रत्येकाच्या काळजाला लागलं. कुस्ती महासंघ कटाची गोष्ट सांगत ठामपणे उभा राहिला, नाडाने, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, १ ऑगस्टला निर्दोष ठरवलं, आणि १८ ऑगस्टला रिओत क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. एवढी पाठराखण होऊनही बंदी शेवटी त्याच्यावरच.

माझा चुलतभाऊ तालमीत आहे. त्याच्या ट्रंकेत पावडरचा डबा बघितला. झाकणावर पिळदार दंडाचं चित्र, मागे बारीक इंग्रजी, आयातदाराचा पत्ता खरवडलेला. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "सगळेच घेतात." सापडला तर बंदी पोरावर. डबा विकणाऱ्याला कोण विचारणार?

रेषेबाहेर

ताई, तो डबा आधी बंद करायला लावा, अगदी आजच. घटक कळत नसतील तर चाचणीत काय निघेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि आत काय आहे हे माहीत नव्हतं म्हणून पैलवान सहसा सुटत नाही.

पण विकणाऱ्याला विचारायचं म्हणजे कायदाच लागणार ना? आणि कायदा करतात राजकारणीच. बोस्टनकर, तुम्ही ज्या अँड्रोचं सांगता, त्यावर बंदी आणणारा कायदा २००४ च्या ऑक्टोबरमध्ये याच काँग्रेसने केला. सुनावणीच्याही आधी. हे श्रेय देणार की नाही?

बोस्टनकर

देतो. पण तोच कायदा नीट वाचा. डीएचईए हे हार्मोन त्यातून नाव घेऊन वगळलंय. शरीरात त्याच्यापासूनच पुढे टेस्टोस्टेरॉन बनतं, वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत त्यावर बंदी आहे. माझ्या घराजवळच्या औषधांच्या दुकानात ते आजही व्हिटॅमिनच्या फळीवर असतं आणि घेताना कोणी चिठ्ठी मागत नाही. त्या कंपन्यांना कधी टीव्हीसमोर शपथ घ्यायला लावलेली तुम्हाला आठवत असेल तर सांगा, मी ती सुनावणीही पूर्ण बघेन.