सल्ला पाहिजे: पाथ देऊनही लिंकर लायब्ररी घेत नाही

दिग्रसकर_पोट्टा:
बाबांच्या कृषी केंद्रातल्या उधारीचं खातं सी मध्ये लिहून रायलो. डेटा एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये. त्याच्या साइटवरून ६४ बिटची डीएलएल, म्हणजे तयार लायब्ररी, उतरवली. जीसीसी कंपायलरले मोठ्या एलनं (-L) लायब्ररीचा फोल्डर दिला, लहान एलनं (-l) तिचं नाव. तरी लिंकर (कोडले लायब्ररी जोडणारा) म्हणते 'स्किपिंग इनकम्पॅटिबल', मंग 'कॅनॉट फाइंड'. एमसिस-टू (जीसीसीचा संच) मधला ६४ बिटचा यूसीआरटी-६४ चा बिन फोल्डर पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम शोधते त्या यादीत, सगळ्यात वर टाकला आहे. दिवसाले दीड जीबी नेट, त्यातलं अर्धं भावाचं. मोठं डाउनलोड सांगू नका.

वर्धेचा_वाघ:
व्हिज्युअल स्टुडिओ टाक बे सरळ. सी प्लस प्लसचा डेस्कटॉप वर्कलोड निवड, डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट उघड. पाथ, इन्क्लूड, लिब सगळं तोच लावून देते. माह्या मशीनले १६ जीबी रॅम आहे, अडत नाही कुठंच.

कपाशी_कोडर:
त्यानं दीड जीबी सांगितलं ना भाऊ. तुमचा वर्कलोड उतरेपर्यंत सोयाबीन निघून जाईन.

वर्धेचा_वाघ:
रात्री लावून झोपाचं.

कपाशी_कोडर:
रात्री लाईन आली का आम्ही मोटर सुरू कराले पळतो, झोपता कोण?

जुना_टर्बो:
आम्ही जुन्या टर्बो सी कंपायलरवर शिकलो. ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीज, तिथं इन्क्लूड आन लायब्ररीचा रकाना. दोन पत्ते लिहिले का झालं. आताच्या पोरायले सगळं आयतं पाहिजे.

कपाशी_कोडर:
सर, ते १६ बिटचं आहे, डॉसबॉक्समध्ये (जुनं डॉस चालवणाऱ्या प्रोग्रामात) चालते. एसक्यूलाइट त्यात कोंबता कसं?

जुना_टर्बो:
मी पाथबद्दल बोलून रायलो.

सेटएक्स_पीडित:
एक करू नको. पाथ सेटएक्स कमांडनं जोडू नको. १०२४ अक्षरांच्या पुढचं ते कापून टाकते. माह्या पाथचं शेपूट गेलं, दोन दिवस पायथन सापडेना. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी उघडूनच बदल कर. आन बदलल्यावर कमांड प्रॉम्प्ट नवा उघड, जुन्याले नवा पाथ कळत नाही.

मोर्शीची_ताई:
'व्हेअर जीसीसी' लिहून पाय, जीसीसी कुठं कुठं सापडते ते सांग.

दिग्रसकर_पोट्टा:
दोन ओळी आल्या ताई. पहिली सी ड्राइव्हमधलं मिंगडब्ल्यू (जीसीसीचाच जुना संच), दुसरी एमसिस. पण मी तं एमसिस वर टाकलं होतं!

मोर्शीची_ताई:
युजरच्या यादीत वर टाकलं असशीन. विंडोज सिस्टिमचा पाथ आधी धरते, युजरचा त्याच्या मागं जोडते. मिंगडब्ल्यू सिस्टिमच्या यादीत बसलं असन, म्हणून तेच आधी सापडते. ते ३२ बिटचं. ३२ बिटचा लिंकर ६४ बिटची डीएलएल कशी घेईन? जुनं काढून टाक.
आन खरं म्हणजे तुले डीएलएल पाहिजेच कायले? एसक्यूलाइटच्याच साइटवर अमॅल्गमेशनची (सगळा कोड एकाच सी फाइलमध्ये) झिप आहे, थोड्या एमबीची. त्यातली एसक्यूलाइट-३ डॉट सी आन तिची हेडर फाइल तुह्या फोल्डरमध्ये ठेव, आपल्या फाइलसोबत कंपाइल कर. ना मोठा एल, ना लहान एल. कंपाइलले वेळ लागते, म्हणून तिची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेली) एकदा बनवून ठेव.

वर्धेचा_वाघ:
मीही तेच म्हणणार होतो.

सेटएक्स_पीडित:
जुनं मिंगडब्ल्यू काढ. पण सेटएक्सनं नाही.

लिनक्स_दादा:
विंडोजच काढ.

दिग्रसकर_पोट्टा:
ताई, झालं! डॉट सी सोबत कंपाइल केली, एका झटक्यात एक्झी बनली. पण जुनं मिंगडब्ल्यू काढलं नाही, त्यानंच बनवली. दुकानातला कॉम्प्युटर विंडोज ७ आहे, तोही ३२ बिटचा. ६४ बिटची एक्झी तिथं उघडलीच नसती. आता एमसिसच काढून रायलो, जागाही मोकळी होते.

मोर्शीची_ताई:
हे आधी सांगाचं ना बाबू!